बाबांच्या बिअरचा फेस

लीड्स,
रविवार दुपार

ती. सुलक्षणाआत्या,

तुला आणि काकांना इथूनच वाकून नमस्कार. (खरंच वाकले. सुश्रुत म्हणाला, पत्रात लिहिलं की पुरतं. पण न वाकता वाकले असं लिहिणं माझ्याच्याने झालं नसतं.) तुझा गुडघा कसा आहे? फिजिओने दिलेले व्यायाम रोज करतेस, की तो यायचा असेल त्याच सकाळी करतेस? काकांचा खोकला थांबला का? आम्ही दोघं मजेत आहोत. इथे दोन दिवस ऊन पडलंय, त्यामुळे अख्खी गल्ली अर्ध्या चड्डीत बाहेर बसली आहे. मी परसात लावलेली मेथी गोगलगायींनी खाल्ली, पण त्या इतक्या समाधानाने खात होत्या की मी त्यांना उचलून फक्त कुंपणापर्यंत नेऊन सोडलं. सुश्रुत म्हणतो, ज्या गतीने त्या चालतात ते बघता तू त्यांना सहलीला नेऊन आणलंस.

आता तू विचारशील, फोन सोडून हे पत्र कशाला. त्याचं कारण असं, की तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि सध्या ओट्यासमोरच्या टेबलाशी बाबा बसलेले असतात. (बाबा म्हणजे या पत्रात इथून पुढे सुश्रुतचेच. आमच्या बाबांचा यात काही संबंध नाही, त्यांना काही कळवूही नकोस.) व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं, तर तू मेसेज मोठ्याने वाचतेस. म्हणून हे नकुलच्या इमेलवर पाठवतेय. तुझा मुलगा असला तरी तो गुपित राखतो. प्रिंट काढून, तू एकटी असताना हातात दे, असं त्याला बजावलंय. तेव्हा कृपा करून मनातल्या मनात वाच. ओठसुद्धा हलवू नकोस, बाबा चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, त्यांना ओठांवरून कळतं.

बाबा व्याही म्हणून तुझ्याकडे राहताहेत याचं आम्हाला फार बरं वाटतं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या सह्यांसाठी त्यांना अचानक पुण्याला यावं लागलं आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये तर नळालाही पाणी नव्हतं. तू हट्टाने घरी नेलंस. रोज आळूवडी, मटकीची उसळ आणि काकांबरोबर रमी चालली आहे असं ते फोनवर सांगतात तेव्हा त्यांचा आवाज दहा वर्षांनी लहान होतो. पण जाताना ते माझ्यावर एक जबाबदारी टाकून गेले आणि तिच्याविषयीच हे सगळं आहे.

तुला कदाचित माहीत नसेल, की बाबा घरी बिअर करायचे. हौस म्हणून, दर वर्षी एकदाच, वाढदिवसापुरती. हॉस्पिटलमधले त्यांचे जुने सोबती त्या दिवशी घरी यायचे, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर मॉरीन, दोन सर्जन आणि एक एक्स-रेवाले. मग बाबा स्वतः सगळ्यांचे ग्लास भरायचे. सुश्रुतच्या आई, मनीषा, गेल्या तेव्हापासून त्यांनी ती केलीच नव्हती. (माझं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. सुश्रुतला बिअरच्या नुसत्या वासाने शिंका येतात, तेव्हा त्यालाही फक्त 'बाबांचं काहीतरी असायचं' एवढंच माहीत.) यंदा पंच्याहत्तरी. एका शनिवारी त्यांनी पोटमाळ्यावरून पिंप खाली आणलं, जव आणि कडवट वासाची फुलं उकळली, यीस्ट घातलं आणि पिंपाला कान लावून बसले. बुडबुड ऐकू आली तेव्हा जे हसले, तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि बाटल्या भरायची वेळ आली तर पुण्याचं निघालं. टॅक्सी दारात उभी असताना ते म्हणाले, "देविका, हे मी मुलाला सांगत नाही, तुला सांगतोय." आत्या, त्या रात्री मला झोप लागली नाही.

काम तसं सोपं होतं. पिंपातली बिअर नळीने बाटल्यांत भरायची, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घालायची, बूच लावायचं आणि ठेवून द्यायचं. उरलंसुरलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून गॅस होतो आणि बंद बाटलीत कोंडल्यामुळे तो बिअरमध्येच मुरतो. फेस येतो तो त्याचाच. बाटल्या जुन्या, जाड काचेच्या, तारेच्या चापाने बंद होणाऱ्या, वर चिनी मातीचं बूच आणि रबराची चकती. मी त्या तुझ्या पद्धतीने धुतल्या, उकळल्या, ओव्हनमध्ये कोरड्या केल्या, गार होऊ दिल्या आणि ओला चमचा जवळपास फिरकू दिला नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत मी औषध मोजते तशी साखर मोजली. सगळ्या बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ओळीने उभ्या केल्या. इतक्या सुंदर दिसत होत्या, की मी सुश्रुतला हात धरून दाखवायला नेलं. (तो शिंकला.)

आणि मग, आत्या, मी रोज सकाळी त्या उघडू लागले.

तुला यात काही विचित्र वाटणार नाही, हे मला माहीत आहे. तिसरीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आईबाबांच्या बदल्या चालायच्या आणि तू म्हणालीस, पोरगी राहू दे माझ्याकडे. अक्षरं पाटीवर शिकले, अपूर्णांक भाकरीवर आणि बाकीचं जग बरण्यांवर. आंबणारी कुठलीही वस्तू घट्ट कोंडायची नाही, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. इडलीच्या पिठावरचं झाकण सैल, लिंबाच्या लोणच्याची बरणी रोज उघडून हलवायची, श्वास घेऊ द्यायचा, नाहीतर उसळून बाहेर येतं. त्यातून इंटरनेटवर एकाच्या बाटल्या फुटून छतात काचा घुसल्याचा फोटो मी पाहिला. झालं. रोज सकाळी कपाटासमोर बसायचं, एकेक चाप काढायचा, 'फुस्स' ऐकायचं, 'घे बाळ श्वास' म्हणायचं आणि परत बंद. कामावर जाताना इतकं शांत वाटायचं! कधी कधी 'फुस्स' आलं नाही, तर मला वाटायचं, चला, ही समजूतदार आहे.

मग एक दिवस चव घेतली. तळहातावर घेऊन, तीर्थासारखी. (मला बिअरमधलं कळत नाही, पण चव तळहातावरच घ्यायची हे तुझंच.) लागलं ते गार झालेल्या जवाच्या काढ्यासारखं. एक बुडबुडा नाही. आयुष्यभर लोकांना गॅस मोजून देणाऱ्या माणसाच्या बिअरमधला गॅस मी घालवला होता!

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू. साखर कमी पडली असेल म्हणून चमचा तपासला. रबर चिरले असतील म्हणून बाटल्या बादलीत उलट्या बुडवून बघितल्या. जिन्याखाली थंडी आहे, थंडीत यीस्ट झोपतं, असं वाचून बाटल्यांना टॉवेल गुंडाळले आणि मध्ये गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. सुश्रुत म्हणाला, "हे कपाट आहे की बाळंतिणीची खोली?" शेवटी घरगुती बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात फोन केला. तिथला कॉलिन फार प्रेमळ माणूस. (आमचं बोलणं इंग्रजीत झालं, तुझ्यासाठी मराठीत लिहिते. इथले दुकानदार कुणालाही 'लव्ह' म्हणतात.)

"साखर घातली होती का, लव्ह?"

"मोजून."

"आणि बाटल्या घट्ट बंद आहेत?"

"हो तर. उघडून झाल्या की लगेच घट्ट बंद करते."

"किती वेळा उघडता?"

"रोज सकाळी. एक दिवस चुकवला नाही."

"कशासाठी?"

"श्वास घ्यायला."

"कुणी?"

मग त्याने बायकोला बोलावलं आणि मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

त्याने उपाय मात्र नीट दिला. प्रत्येक बाटलीत पुन्हा चिमूटभर साखर, बाटल्या वरच्या मजल्यावर बॉयलरच्या उबदार कपाटात आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही, असं त्याची बायको मागून म्हणाली. त्याप्रमाणे केलं. तेव्हापासून मी त्या कपाटापासून लांब राहते आहे. सुश्रुतने दाराच्या मुठीला माझीच ओढणी बांधून ठेवली आहे.

एवढं सोडलं तर सगळं ठीक. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तुझं शिकवणं चुकीचं नव्हतं, फक्त ते लोणच्यासाठी होतं. काकांना नमस्कार (त्यांच्यासाठी वेगळी वाकले), नकुलला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला माझ्यातर्फे तेल चोळ.

तुझी,
देविका

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. बाबांचं तिकीट येत्या शनिवारचं आहे आणि बाटल्यांचे दोन आठवडे अजून व्हायचेत. त्यांना थांबवून घेशील का? पंच्याहत्तरी पुण्यातच कर. पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण कर, पुरणपोळी कर. इथली पार्टी ते आल्यावर करू. फक्त खोटं काही सांगू नकोस. तुझा गुडघा दुखतोय असं सांगितलंस तर चालेल, कारण तो दुखतोच.

ता. क. २ (बुधवार) नकुलचा इमेल पत्ता चुकला होता, पत्र परत आलं. बरंच झालं! काल मला राहवलं नाही. एक बाटली स्वयंपाकघरात आणून उघडली. आत्या, बूच असं उडालं आणि फेस असा आला, की छतापासून सुश्रुतच्या चष्म्यापर्यंत सगळं भिजलं. तळहातावर घेतली तर गुदगुल्या झाल्या. कॉलिनला फोन केला, त्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. तेव्हा वरची विनंती रद्द. बाबांना शनिवारीच पाठव. मी अर्धा ग्लास प्यायले आणि सोफ्यावर छान झोपले.

ता. क. ३ (गुरुवार) पत्र अजून माझ्याकडेच आहे, हे नशीब. आज सकाळी तू बाबांना फोन दिलास, आठवतंय? तू बाजूला होतीस, पण त्यांचं सगळं बोलणं तुला ऐकू आलं का, कळत नाही, म्हणून लिहिते. ते म्हणाले, "काय गं, बाटल्या रोज उघडतेस ना?" मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. तर म्हणाले, "मनीषा उघडायची. मी कामावर निघालो की एकेक उघडून लावून ठेवायची, स्फोट होईल म्हणून. मला पहिल्याच वर्षी कळलं. बोललो नाही. मग मित्रांनाही तीच चव लागली. फेसाची काय, पबमध्ये मिळतेच." मग म्हणाले, "तुझ्या आत्याकडे लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल बघितलं, तेव्हाच म्हटलं, आपल्या बाटल्या योग्य हातात आहेत. यंदा तशीच हवी गं." मागून तू ओरडलीस, "झाकण सैलच ठेवायचं असतं!"

मी फोन ठेवला. सुश्रुतला सांगितलं, तर तो कपाटाची ओढणी सोडून खाली बसला. आईंची ही गोष्ट त्यालाही माहीत नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून सगळ्या बाटल्या उघडल्या, मी चाप काढत होते, तो नाकाला रुमाल बांधून ते परत लावत होता. संध्याकाळी परत उघडल्या. गॅस अजून खूप आहे, कॉलिनने काम चोख केलंय.

तेव्हा आत्या, विनंती रद्द केली होती, ते रद्द करणंच रद्द समज. हा गॅस जाईपर्यंत बाबांना दोन आठवडे थांबवून घे, गुडघ्याचंच कारण सांग. आणि त्यांनी बिअरचं विचारलं, तर सांग, देविका रोज बाटल्या उघडतेय. हे अगदी खरं आहे.