नाळ पुरायची राहिली

८ सप्टेंबर
आले बाई एकदाची सास्तूरला! एसटीतून स्वतःच्या पायानं उतरले, कुणाचा हात न धरता. उन्हाळ्यापर्यंत उजव्या गुडघ्याची गादी पार झिजलेली होती. जिना दिसला की रडू यायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी कुणीतरी दान केलेल्या नाळेतल्या स्टेम सेल वाढवून सांध्यात सोडल्या. पन्नाशीत मला बाळगुटीच म्हणायची! आई गेल्यावर तुळजापूरचं घर खायला उठायचं, म्हणून इथल्या शाळेवर बदली मागून घेतली. भूकंपानंतर बांधलेल्या दोन खोल्या, पुढं मातीचं अंगण. आज कित्येक वर्षांनी मांडी घालून जेवले. एकटीच जेवले, पण मांडी घालून.

१४ सप्टेंबर
शेजारच्या नागूबाई शेंगाची चटणी घेऊन आल्या. गुडघ्याची गोष्ट ऐकून विचारलं, नाळ कुणाची. म्हटलं, असेल कुणाच्या बाळाची, नाव सांगत नसतात. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, नाळ उंबऱ्यापाशी पुरावी लागती बाई, न्हायतर लेकरू घर हुडकत फिरतं. मी खो खो हसले. त्या हसल्या नाहीत.

२५ सप्टेंबर
गुडघा आपोआप उडतो, आतून लाथा मारल्यासारखा. डॉक्टर फोनवर म्हणाले, सूज असेल, बर्फ लावा. शाळा सुटली की माझ्याशी बोलायला चिटपाखरू नसतं, म्हणून मी त्याच्याशीच बोलते. काय रे सोन्या, भूक लागली का, असं विचारलं की शांत होतो. अंगाई म्हटली की झोपतोसुद्धा. वेडेपणाच हा, पण बरं वाटतं.

५ ऑक्टोबर
आज दुपारी रांगले. म्हणजे मी नाही, तो. उजवा गुडघा जमिनीला टेकला आणि मला स्वयंपाकघरातून ओढत उंबऱ्यापर्यंत घेऊन गेला. तिथं थरथरत राहिला, बाहेर जायला निघालेला. मला एकदम भीती वाटली, हाही जातो की काय. त्याला कुरवाळलं आणि बोलून गेले, की बाळा, हेच तुझं घर, मीच तुझी आई. थरथर लगेच थांबली. मी ढसाढसा रडले. मला आजवर कुणी आई म्हटलेलं नाही.

१७ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी लागली. नागूबाई लेकीकडं कळंबला गेल्या. जाताना मला गुडघ्याशी बोलताना ऐकलं आणि बजावलं, त्याला घर दावू नका. आता काय सांगू त्यांना?
उंबऱ्याजवळची माती उकरलेली आहे. माझ्या उजव्या पायाची नखं मातीनं भरलीत. डॉक्टर म्हणाले, पुण्याला या, सुई घालून पेशी काढून बघू. ‘काढून’ म्हटल्याबरोबर गुडघ्यातून अशी कळ आली की फोन हातातून पडला.

१९ ऑक्टोबर
स्टँडवर जायला निघाले. तो उंबऱ्याबाहेरच्या मातीवरून पुढं जाऊ देत नाही. ओरडले. गल्लीत कुणी नाही, सगळे सोयाबीन काढायला रानातच मुक्कामाला. पाय उकरतोय. मी थांब म्हणते, रागावते, लाडानं सांगते — ऐकत नाही. फोन आत राहिला. वही तेवढी पिशवीत —

२० ऑक्टोबर
खड्डा मांडीएवढा. आता दोन्ही पाय आत. डावा मी घातला नव्हता.
कळलं. घर मीच दाखवलं. आता नाळ पुरायची — आणि नाळ तर माझ्या —

दुपार असावी
माती कमरेपर्यंत. ऊबदार आहे. शाळा उघडेपर्यंत मला शोधणारं कुणी — कुणीच नाही. हा मात्र सोडत नाही.
आतून आवाज आला. पहिलाच. आई म्हणाला.
आणि मी, देवा, मी ओ दि—