शेवटचा भाग तेवढा राहिलाय

ताई,

काल फोनवर म्हणालीस, "मी येऊन राहते महिनाभर. पोरीला मी बघते, तू ती कादंबरी एकदाची हातावेगळी कर. आणि पहिली मलाच वाचायला दे." सासूबाई पण म्हणाल्या, "येऊ दे बाई तिला, नाहीतर ही पोथी जन्मभर चालायची."

खरं सांगू? वेळ मिळतो मला. कारखान्याच्या शर्टांना बटणं लावून होतात तेव्हा पोरगी झोपलेली असते, चांगली दोन तास. मी वही उघडते आणि नुसती बसून राहते. शेवटचा भाग तेवढा राहिलाय. त्यात आई तापलेलं बाळ मावशीच्या भरवशावर टाकून कामाला जाते.

तुझं बाळ झोपेतच गेलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते झोपलं नव्हतं, ताई. रडत होतं. मी दार ओढून शेजारच्यांकडे टीव्ही बघत बसले होते. रडणं ऐकू येत होतं, तरी उठले नाही. मग ते थांबलं, तेव्हा मला बरंच वाटलं.

आता माझी पोरगी तेवढीच झालीये. तिला तुझ्या मांडीवर मला बघवणार नाही.

हे पत्र वहीतच राहील. उद्या फोन करून एवढंच सांगेन, कादंबरीचा नाद सोडला, तू येऊ नकोस.

तुझी,
धाकटी