मेहुणाचं आवतण

पांढुर्णा,
ऋषिपंचमी

सौ. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तू तिगावला माहेरी सुखरूप पोचलीस हे कळलं. आईंचे गुडघे कसे आहेत? इकडे मी आणि हिमानी, आम्ही मायलेकी ठीक. पत्र घेऊन आलेले गृहस्थ माझे घरमालक, श्रीधरगुरुजी. रिटायर झाले तरी समोर दिसेल त्याला पाढे विचारतात, मनावर घेऊ नकोस. त्यांना आधी चहा दे, बिनसाखरेचा. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुषारभाऊजींच्या हाती पत्र दिलं असतं तर तू ते त्यांच्यासकट अंगणात फेकलं असतंस, म्हणून या वयात गुरुजींना त्रास दिला.

हिमानीला शाळेत गणपतीच्या चित्राला बक्षीस मिळालं. उंदीर तिनं गणपतीएवढाच काढला होता. माझं नागपूरचं काम बरं चाललंय. सकाळच्या गाडीनं जायचं, दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. नागपुरात खोली परवडत नाही, आणि भूपेंद्र गेल्यापासून सौंसरच्या घरात त्यांच्या फोटोसमोर बसवत नाही, म्हणून मी पांढुर्णा धरलं. हे तुला ठाऊकच आहे. जे ठाऊक नाही ते लिहायला हात पुढे जात नाही, म्हणून उंदराच्या गोष्टी सांगून राहिले आहे.

खोली शोधायला भाऊजींना, तुझ्या नवऱ्याला, माझ्याबरोबर तूच पाठवलं होतंस. "ताई एकट्या कुठं फिरतील," म्हणालीस, वर डब्यात थालीपीठं बांधून दिलीस. आम्ही अर्धं पांढुर्णा पालथं घातलं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "मालक काय करतात?" मी खरं सांगायची, आणि खोली नेमकी कुणा भाच्याला आधीच दिलेली निघायची. एका बाईनं तर पाण्याचा ग्लास माझ्या हातात असतानाच सांगितलं, "बिना माणसाच्या बाईले आमी ठेवत नाही. उद्या काही झालं तं आमच्या दारावर येते." मी ते पाणी पिऊन टाकलं. तहान लागली होती.

शेवटी गुरुजींचं घर. मागच्या बाजूला खोली, स्वतंत्र नळ, दारात कडुलिंब. गुरुजींच्या बायकोनं, वच्छलाकाकूंनी, भाऊजींकडे बघून मला विचारलं, "हे मालक का?"

मी हो म्हटलं.

भाऊजींच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. हो म्हणाले ती मी. "सौंसरला बाग आहे, येऊन-जाऊन असतात," हेही मीच जोडलं. एकदा खोटं बोलायला लागलं की जीभ कशी भराभर चालते! बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, हे बराबर नाही झालं." मी म्हटलं, थोडी ओळख होऊ द्या, मग मीच सांगते. तुला सांगायचं नाही अशी शपथही घातली. घरी जाऊन पेटीतलं मंगळसूत्र काढलं, भूपेंद्रांनी घातलेलं, आणि गळ्यात अडकवलं.

ओळख झाली. काकू हिमानीला वरणभात भरवू लागल्या, मला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. माया वाढत गेली तसं सांगणं अवघड होत गेलं. भाऊजी सिलेंडर आणून द्यायचे, हिमानीला बाजारातून फिरवून आणायचे आणि दारातूनच परत जायचे. या घरात त्यांनी एक घास खाल्लेला नाही, धनश्री. काकू म्हणायच्या, "तुहे मालक थांबत काहून नाही वं? भांडण हाय का?" मी म्हणायची, बागेला पाणी द्यायचंय. भर पावसाळ्यातसुद्धा हेच सांगायची.

आणि मग जामसांवली. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी मारुतीला एवढी गर्दी, आणि त्या गर्दीत काकूंना नेमके तुम्ही दोघं दिसायचे होतात. घरी येऊन मला कौतुकानं सांगितलं, "तुहे मालक भेटले. मी इचारलं, ही कोन, बहीण का? तं हो म्हने. गोड पोरगी हाय, पण बोललीच नाही." माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. तो भोळा सांब माझी खोली वाचवायला तुझ्या तोंडावर तुला बहीण म्हणाला, तेही मारुतीच्या पायरीवर! तुझ्या हातात नारळ होता म्हणे. तो त्यांच्या डोक्यात फोडला नाहीस हे तुझे संस्कार. मी फोडला असता.

तू जाब विचारलास तेव्हाही ते गप्प बसले, कारण माझी शपथ होती. आणि मीही गप्प बसले. मिटेल आपोआप, असं मला वाटत होतं. तू सामान घेऊन माहेरी गेलीस तेव्हा डोळे उघडले. मला माझी फार लाज वाटते.

काल काकू महालक्ष्मीचे मुखवटे चिंचेनं घासत होत्या. मीही एक घेऊन बसले. म्हणाल्या, "औंदा तू न् तुहे मालक मेहूण म्हून जेवाले बसा. नाही म्हनू नको." महालक्ष्मीपुढे नवरा-बायकोची जोडी जेवायला बसवायची, आणि त्या पाटावर मी माझ्या दिराशेजारी बसायचं! खोलीपुरतं सांगितलेलं खोटं देवीच्या पानापर्यंत आलं. चिंचेनं माखलेल्या हातांनी मी तिथंच सगळं सांगून टाकलं.

काकू बराच वेळ घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "गळ्यातलं तरी खरं हाय का?" मी म्हटलं, "खरं आहे. घालणारा राहिला नाही." त्या रडल्या, आणि रडून झाल्यावर भडकल्या. दिवाळीपर्यंत मला खोली सोडायची आहे. "तुहा माणूस नाही म्हून नाही काढून राहिली. माह्या तोंडून तू त्या पोरीले तिच्याच नवऱ्याची बहीण म्हनवलं, म्हून." आता पुन्हा दारोदार फिरायचं, आणि या वेळी खरं सांगून खोली मागायची. हिमानीला अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

पण महालक्ष्मीचं आवतण एकदा दिलं की परत घेत नाहीत. काकू म्हणाल्या, "मेहूण सांगतलं ते सांगतलं. तो बसन, पण त्याच्या लग्नाच्या बायकोसंग." गुरुजींच्या खिशात पुडी आहे. त्यात काकूंनी तुझ्यासाठी दिलेल्या अक्षता आहेत. पत्र वाचून होईपर्यंत पुडी काढू नका, असं मी त्यांना बजावलंय. आता मागून घे.

मला इतक्यात माफ करू नकोस. भाऊजींवरचा रागही माझ्यावर काढ, पण ये. ती मोरपंखी साडी नेसून ये. सगळी गल्ली जमलेली असेल. काकू सर्वांदेखत तुझी ओटी भरणार आहेत आणि तू कोण ते सांगणार आहेत. मेहुणाला मी वाढलेलं चालेल का, असं त्यांना विचारलं, तर त्या उठून मुखवटे आत ठेवायला गेल्या. मी मागच्या खोलीत असेन. तू हाक मारलीस तर आंबील वाढायला येईन. नाही मारलीस तरी पाटावर मात्र बस.

मंगळसूत्र परत पेटीत ठेवलंय. या गावात आल्यापासून पहिल्यांदा नाव खरं लिहिते आहे.

तुझी जाऊ,
श्रीमती अनुराधा भूपेंद्र