बग्गीत दोघी

२ फेब्रुवारी, रविवार

आत्यांनी फोनवर ‘येतोय’ म्हणून सांगून टाकलं! आता काय करायचं?

आदर्शचा मोबाइल काकतीला त्याच्या आईकडे, आत्यांकडेच असतो. त्या तो रोज चार्जिंगला लावतात. येऊन येऊन फोन येतो तो ‘कर्ज हवंय का’ विचारणाऱ्यांचा. आज मात्र गोव्याच्या रिसॉर्टवरनं आला. आदर्श सरांचं आणि मॅडमचं येत्या शनिवारचं बुकिंग आहे, येताय ना म्हणून. आत्यांना सांगता येईना की तो नाही. परक्या पोरीला फोनवर असं कसं सांगायचं! त्या म्हणाल्या, व्हय, येतोय. आणि लगेच मला फोन. ‘दिपा, मी काय बोलून बसलो गं हे?’

बुकिंग त्यानं साखरपुड्याच्या आठवड्यातच केलं होतं. मी नाक मुरडलं होतं — गोवा म्हणजे बेळगावकरांचं परसदार, तिथं कसला हनिमून! तर म्हणे समुद्र बघायला जायचंच नाही. डोंगरात एक रिसॉर्ट आहे, तिथं बग्गी देतात, ती चिखलात घालायची. दिवसभर उद्यमबागेतल्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट घासायचा आणि सुट्टीत परत गाडीच. पासपोर्ट येऊ दे, मग लांब नेतो म्हणाला होता.

दसऱ्यानंतर साखरपुडा. जानेवारीत लग्न होतं. मधे नोव्हेंबरात डेंग्यू झाला आणि आठवड्यात संपलं सगळं.

३ फेब्रुवारी

आई म्हणाली, काकूंना काकू म्हणायला शीक आता, आत्या आत्या करू नको. सासूला म्हणायचं नाव आहे ते.

वहीत म्हणेन. वही माझी आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आत्या हट्टाला पेटल्या आहेत. त्याच्या नावानं शब्द गेलाय, आता मोडायचा नाही. ‘त्यो न्हाय तर आपण जाऊ. दोन माणसांचं हाय न्हवं? दोन माणसं जातील.’ मारुतीमामांना, आदर्शच्या वडलांना, विचारलं तर ते ‘जावा’ एवढंच म्हणाले. नोव्हेंबरपासून ते कुणाशीच यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

इकडे आईचा तोंडाचा पट्टा. लोक काय म्हणतील, तुझं अजून लग्न व्हायचंय, त्या घराशी किती दिवस चिकटून राहणार. आप्पा पेपरमागे.

मी चिकटून नाही. मला चिकटू दिलंय कुणी?

तो गेला त्या दिवशी काकतीला अंगणात सगळ्या बायका बसल्या होत्या, त्यात मीही बसले. मला रडू फुटलं तशी एक म्हातारी म्हणाली, ‘हिला कशाला बसवलंय? अक्षता पडल्या न्हाईत, हिला सुतक न्हाय. मोकळी पोर हाय, घरी धाडा.’ चांगल्या मनानं म्हणाली बिचारी. आईनं मला उठवलंच. रिक्षात म्हणाली, गप, रस्त्यात रडू नको, बघणारा विचारेल कोण गेलं. खरंच की. कोण गेलं? दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या शाळेत जाऊन ऑफिसात बसले. रजा कुणासाठी मागणार होते! शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, सर्दी झाली का गं?

मी जाणार.

८ फेब्रुवारी, शनिवार. गोवा

चोर्ला घाटात आत्यांना दोनदा उलटी. बॅगेत भाकरी, ठेचा, वर कुंद्याचा डबा — फुकट जेवण आहे हो तिथं, सांगून दमले. ‘हाटेलचं काय खरं असतंय.’

खोलीचं दार उघडलं आणि दोघी दारातच थांबलो. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या. टॉवेलची दोन बदकं, चोचीला चोच लावून. टेबलावर केक, त्यावर आमच्या दोघांची नावं. आदर्शनं बुकिंग करताना सांगितलं असणार. रिसॉर्टच्या मुलीनं आमच्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, राहू दे, छान आहे.

आत्यांनी सगळ्या पाकळ्या पदरात गोळा केल्या आणि बाहेर झाडाच्या बुंध्यात नेऊन टाकल्या. पायाखाली यायला नकोत म्हणाल्या. बदकांना हात लावू दिला नाही. अंग पुसायला घरचा पंचा होता. बदकं खुर्चीवर ठेवली आणि आम्ही दोघी त्या पलंगावर दोन कडांना झोपायची तयारी केली.

केक खाल्ला आम्ही. त्याच्या नावाचा तुकडा त्यांनी घेतला, माझ्या नावाचा मला दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बग्गी चालवली. मी!

बग्गीवाला गुंडू म्हणून, चाळिशीचा, मूळचा खानापूरकडचा. सुरुवातीला हिंदीत सगळं घोकून दाखवत होता. आत्यांनी ‘पट्टा लई करकचून बांधलास रं’ म्हटलं आणि तो खुललाच. आमच्याकडचीच की तुम्ही! मग हिंदी गुंडाळून ठेवली. बग्गी म्हणजे चार जाड चाकं, दोन सीटा आणि भोवती लोखंडी पिंजरा. दार नाही, काच नाही. तो पुढे त्याची बग्गी घेऊन जाणार, आम्ही मागनं. त्यानं मूठ वर केली की थांबायचं.

आत्यांचा अंबाडा हेल्मेटात मावेना. सोडून वेणी घातली मी त्यांची. वर हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, पदर कमरेला खोचलेला. आदर्शनं बघितलं असतं तर हसून लोळला असता. हे मी मनात म्हणत होते, त्या तोंडानं बोलल्या.

काजूच्या बागांतनं वर चढायचं होतं. लाल माती नुसती उधळत होती. पहिल्या उतारालाच आत्यांचं ‘साकु, साकु’ सुरू झालं. माहेर चिकोडीकडचं, घाबरल्या की कानडीत जातात. बास म्हणत होत्या, पण मी बास करीना. मला काय झालं होतं कुणास ठाऊक! गेल्या तीन महिन्यांत मला कुणी इतकं मोठं काही हातात दिलं नव्हतं. गिअर नाही, काही नाही, नुसतं दाबायचं. मी दाबलं.

आणि ओढ्यात रुतलो. मागचं चाक जागच्या जागी फिरतंय, चिखल थेट तोंडावर. पलीकडून गुंडू ओरडतोय, रेस सोडू नका, सोडू नका. मी रडकुंडीला आलेली. आत्यांनी काय करावं? पुढं वाकून बग्गीला थोपटायला लागल्या! बैलाला थोपटतात तशा. ‘चल माझ्या राजा. चल, चल. एवढं काढ.’ आणि गचका बसून निघालो की बाहेर!

हसल्या आत्या. इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यांना असं हसताना मी साखरपुड्यानंतर बघितलंच नव्हतं. मीही हसत होते आणि हसता हसता गॉगलच्या आत डोळे भरून वाहत होते. त्याची सीट ती. हे सुख त्याचं होतं. मी त्याचं चोरून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि तरी थांबावंसं वाटत नव्हतं.

इथवरच लिहून वही मिटली असती तर बरं झालं असतं.

फेरी संपल्यावर गुंडूनं शेडमध्ये चहा दिला. दोघींची तोंडं मातीनं लाल. तो आमच्याकडे बघत मजेत म्हणाला, ‘सासू-सुना व्हय?’

मी ग्लास धरून बसले. कुणी न सांगता ओळखलं होतं त्यानं! आजवर कुणी मला त्या घराचं म्हटलं नव्हतं. फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं आत्यांनी. माणूस परका, ठिकाण परकं. कुणाचं काय जाणार होतं?

आत्या म्हणाल्या, ‘न्हाय रं. लेक माझी.’

गुंडू म्हणाला, तरीच, तोंडवळा एकच हाय.

मी ग्लास खाली ठेवला. लोक कौतुकानं म्हणतात, सून कसली, लेकच आहे. मोठा मान म्हणे तो! मी लेक, तर आदर्श माझा कोण? भाऊ? एक नातं होतं माझं त्याच्याशी, तेही अर्धंच झालेलं. म्हातारीनं अंगणातनं उठवलं, आईनं रिक्षात गप केलं, ते सगळं सोसलं. पण आत्या तुम्ही? तुम्हीसुद्धा?

खोलीत आल्यावर त्या अंघोळीला गेल्या आणि मी ती बदकं उलगडून टाकली.

१० फेब्रुवारी, सोमवार

परतीच्या बसमध्ये घाट चढून आल्यावर विचारलंच. लेक का म्हणालात?

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, सून म्हटलं असतं तर त्यानं पुढचं विचारलं असतं, ल्योक कुठं हाय. मी म्हटलं, ते ठीक, पण खरं कारण सांगा. तुम्ही खोटं बोलताना पदराशी चाळा करता.

‘सुनेला घरात ठेवाय लागतंय, दिपा. लेकीला देता येतंय.’ असं म्हणाल्या. आणि मग, ‘मला तुला द्यायची हाय.’

मी विचारलं, मला कुणी विचारलंय का? त्या म्हणाल्या, तुला इचारलं तर तू बसशील माझ्यासारखीच त्या मोबाइलला चार्जिंग लावत.

बेळगाव आलं. उतरल्यावर त्यांनी उरलेला कुंदा माझ्या पिशवीत कोंबला. मी थँक्यू म्हटलं! आत्यांना थँक्यू! परक्या बाईला म्हणतात तसं. त्यांना लागलं. लागू दे.

११ फेब्रुवारी

शाळेतला शिपाई म्हणाला, गोव्याला गेलता व्हय मॅडम? मजा केली असंल लई.

केली की.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्यांनी स्थळ आणलं! आईनं नाही, आत्यांनी. त्यांच्या भावाच्या ओळखीतलं, निपाणीचं. मुलगा सोसायटीत नोकरीला, घर स्वतःचं, मुलाला आई नाही, त्याची आत्याच सगळं बघते. आई तर हरखून गेली. कालपर्यंत जिच्या नावानं बोटं मोडत होती, तिच्यासाठी आज धपाटी थापली.

ओसरीवर बसून आत्या मुलाचे गुण सांगत होत्या. दारू नाही, तंबाखू नाही — निपाणीचा असून तंबाखू नाही! सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मी म्हटलं, द्या मग. देऊन टाका. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या म्हणाल्या, ‘बरं.’

कुणावर चिडले आहे मी? त्या तर माझं भलंच करताहेत. हेच सहन होत नाही.

१ मार्च

ठरलं. पुढच्या रविवारी बघायला येणार. साखरपुडा झाला होता हे तिकडे सांगितलेलं नाही, नुसती बोलणी झाली होती एवढंच सांगितलंय. आई म्हणाली, त्या दिवशी काकू माझी बहीण. दिपाची मावशी. सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. आप्पांकडनं दोनदा म्हणवून घेतलं. फोनवर आत्यांनाही सांगितलं. त्या व्हय व्हय म्हणत होत्या.

तीन महिन्यांत काकू झाल्या, आता मावशी.

७ मार्च, शुक्रवार

त्याचा चेहरा आठवायला गेलं की फोटोतलाच आठवतो. फोटोत नसलेला कुठं गेला?

८ मार्च

आत्या आजच राहायला आल्या, उद्याच्या तयारीला. माझी साडी त्यांनीच निवडली. साखरपुड्याची नव्हे, ती आईनं कधीच परत केली. दुसरी, मोरपंखी. निऱ्या धरून बघताना म्हणाल्या, शोभतीस. मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? त्या खाली बसून काठ सरळ करत राहिल्या. ‘वाटून काय करू गं,’ एवढंच म्हणाल्या.

चांगला असेल तर हो म्हणणार आहे मी. दमले.

९ मार्च, रविवार

मुलगा चांगला होता. खाली बघून पोहे खात होता, मी विचारलेल्या एका प्रश्नाला हसलासुद्धा. सगळं जमत आलं होतं. त्याच्या आत्यांनी, तारीख कुठली धरायची असं विचारलं. मग सहज आमच्या आत्यांकडे वळून म्हणाल्या, मघापासनं सगळं तुम्हीच बघताय, तुम्ही मुलीच्या कोण?

आईनं तोंड उघडलंच होतं. त्याआधी आत्या म्हणाल्या, ‘सासू.’

म्हणाल्या, आणि मग मागे घेतलं नाही. आई बहीण, बहीण म्हणत राहिली. आत्या मान हलवत राहिल्या — न्हाय. सासू हाय मी तिची. निपाणीची माणसं चहा तसाच ठेवून उठली.

आप्पा त्यांना सोडायला गेले. आई आत जाऊन कडी लावून बसली. मी मोरपंखी साडीत तिथंच आत्यांसमोर खाली बसले आणि मोठ्यानं रडले. नवरा गेल्यावर बाई रडते तशी.