बेनौदाकडून, घरासाठी

११ जुलै

हवारियाने आज विचारलंच. "आई, बाबांचा आवाज कसा होता गं?" मी कणीक मळत होते. म्हटलं, मोठा होता! आणखी काय सांगणार? तिला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो गेला. आता महिन्याभरात लग्न होऊन ती जाईल. त्याआधी एकदा तरी तिला तो ऐकवायचाय. घरात त्याचे फोटो आहेत, कोट आहे. आवाज तेवढा नाही.

१२ जुलै

ओरानमधल्या निम्म्या लग्नांत बेनौदा बर्राह असायचा. शेख, म्हणजे गाणारा, गाणं रंगवत आणायचा आणि हा पठ्ठ्या हात वर करून ते मध्येच थांबवायचा. मग ओरडायचा — अमक्याकडून, तमक्यासाठी! लोक खूश, गाणं पुन्हा सुरू. गाणी सगळ्यांना पाठ आहेत. हाक देणारा कोण लक्षात ठेवतो? आमच्याकडची एकुलती एक कॅसेट यंत्राने कधीच चावून टाकली. पेन्सिल घालून फीत गुंडाळून पाहिली होती मी. तुटली ती तुटलीच.

१५ जुलै

मिलूदच्या दुकानात गेले. एके काळी त्याने काढलेल्या कॅसेटी मार्सेपर्यंत जायच्या, गायक दाराशी ताटकळायचे. आता फोनची कव्हरं विकतो. डाउनलोडचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. "हवारियाची आई, या फोनने माझं दुकान गिळलं, आणि तू त्याच्याकडेच दाद मागतेस?"

तरी खुर्ची दिली, पुदिन्याचा चहा पाजला. मूळ फिती त्याने कधीच एका कंपनीला विकल्यात. कंपनीने त्या नेटवर चढवल्यात म्हणे.

संध्याकाळी हवारियाने आमच्या तुटलेल्या कॅसेटवरचं गाणं विकत घेऊन फोनवर उतरवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच! शेख गायला लागला. मी तिला म्हटलं, थांब, आता येईल, आता येईल. गाणं संपलं. बेनौदा आलाच नाही. कंपनीने मधल्या सगळ्या हाका कापून गाणं साफ केलंय. म्हणजे माझा नवरा कचरा! हवारियाने फोन पालथा ठेवून दिला. तेच जास्त लागलं.

१६ जुलै

भाजी करपली. कंपनीचाच दोष.

२६ जुलै

मिलूद स्वतः दारात! घाम पुसत उभा. ज्या नेटला उठताबसता शिव्या घालतो, तिथेच जुन्या लग्नांच्या फिती जमवणारे लोक आहेत. गुपचूप जाऊन त्यांच्याकडे बेनौदाची चौकशी केली होती त्याने. फ्रान्समधल्या तुलूझच्या कुणा बाईने ओरानमध्ये झालेल्या आपल्या लग्नाची घरगुती कॅसेट अख्खी चढवली, तीही फुकट. ती माझी कोण? कुणीच नाही. अल्ला तिच्या घरी बरकत देवो.

"चोर आहेत सगळे," मिलूद म्हणाला. "पण हे ऐक."

स्वयंपाकघरात तिघं उभ्यानेच ऐकत राहिलो. आधी भांडी, मुलांची रडारड, बायकांची ललकारी. मग तो! घोगरा, थोडा पडसं झाल्यासारखा. "बेनौदाकडून — घरासाठी! ज्या घराने मला लेक दिली, त्या घरासाठी!"

हवारियाने विचारलं, कुठलं घर? मिलूद खाली बघायला लागला. मग मीच सांगितलं, अगं, घर म्हणजे मी. चारचौघांत 'खैरा' म्हणून बायकोचं नाव कसं घेणार? पुरुष 'घर' म्हणतात. ती हसली, मग रडली, मग पुन्हा पहिल्यापासून लावलं. मिलूदचेही डोळे भरले होते. म्हणाला, कांदा झोंबला. मी कांदा चिरलाच नव्हता.

३ ऑगस्ट

हवारियाच्या कानात दिवसभर तेच. पाठ झालंय तिला, खोकल्यासकट. मिलूदचं दुकान बुडालं हे वाईटच झालं, खोटं कशाला लिहू? पण त्याच्या फळ्यांवर बेनौदा कधी मिळालाच नसता. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला माणूस समुद्र ओलांडून माझ्या ओट्यापाशी आला. मी आभार मानते. फोनचे, मिलूदचे, त्या बाईचे, सगळ्यांचे.

१४ ऑगस्ट

आज मेंदी. अंगणात व्याही, त्यांचे भाऊ, सगळे पुरुष बसलेले. गाणं रंगात आलं आणि नवऱ्या मुलीनेच हात वर करून ते थांबवलं. माईक घेतला. "बेनौदाकडून," ती ओरडली, "खैरासाठी!"