कलमं पाठ, कुलूप बाहेरून

अमरावती,
गुरुवार

आदरणीय जमुनाबाई,

धाकट्या भावाचा, देवमनचा मनापासून जय भीम.

तुझे गुडघे आता कसे आहेत? जठारपेठेतल्या डॉक्टरनं उन्हात फिरू नको म्हटलं असेल तर फिरू नकोस (तू फिरतेस, हे मला माहीत आहे). इकडे आम्ही सगळे खुशाल. आमच्याकडे पोलीस येऊन गेले हे तुझ्या कानावर आलंच असेल, कारण शेजारच्या गंगूबाईची बहीण अकोल्यातच राहते. म्हणून खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐक.

अश्विन आणि सूनबाई भावना, दोघंही नोकरीसाठी रोज अंजनगाव सुर्जीला जातात. शाळा सुटली की नीलम आणि कुंदन माझ्या ताब्यात. नीलम सात वर्षांची, कुंदन चारचा. मी जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस. माझ्या टेबलावरून कधी एक फाइल हरवली नाही, तिथं दोन नातवंडं सांभाळणं म्हणजे काय मोठं? मंगळवारी दुपारी दोघं टीव्हीपुढं बसली होती आणि माझा तंबाखू संपला होता. टपरी चौकातच. दार उघडं ठेवलं तर कुंदन रस्त्यावर पळेल, म्हणून मी पूर्ण जबाबदारीनं बाहेरून कुलूप लावलं आणि गेलो. मोबाइल घरीच चार्जिंगला होता.

टपरीवर भगवंत भेटला (तोच, कोर्टात माझ्या शेजारी बसून डुलक्या घ्यायचा). म्हणाला, "पेपरात वाचलं का? लेकरायले घरात कोंडून मायबाप लग्नाले गेले. हा गुन्हा होते काय?" आता थेट मलाच विचारल्यावर मी गप्प कसा बसणार? मी सांगितलं की अमुक वयापर्यंत मुलाला एकटं सोडू नये, असं वय आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि मुलाला विनाकारण त्रास होईल अशी वेळ आणली, तर बालन्याय कायद्याचं पंचाहत्तरावं कलम लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि बारा वर्षांखालचं मूल कायमचं टाकून द्यायच्या इराद्यानं सोडलं, तर न्याय संहितेचं त्र्याण्णवावं, त्यात सात वर्षांपर्यंत. बोलणं इतकं रंगलं की माणसं जमली, कोणीतरी चहा मागवला, आणि तो संपायच्या आत दुसराही आला.

तिकडे घरी कुंदन बाथरूममध्ये गेला आणि त्यानं आतून कडी लावली. ती अडकली. तो रडायला लागला. नीलमनं दार ढकलून पाहिलं, हलेना. बाहेरच्या दाराकडे धावली, तर तिथं माझं कुलूप. पोरीनं माझा मोबाइल उचलला आणि शाळेत शिकवलेला मुलांच्या मदतीचा नंबर, १०९८ लावला. मग खिडकीतून गंगूबाईला हाका मारल्या.

मी परतलो तर दारात गर्दी, पोलिसाची मोटारसायकल, आणि कुलूप तुटून पायरीवर पडलेलं. चोरी झाली असं समजून मी ओरडलो, "हटा, घरमालक आहो मी!" तेवढ्यात हवालदारानं कुंदनला कडेवर घेऊन बाहेर आणलं. तोंड लाल, हुंदके, मुठीत साबणाची वडी. मला पाहताच तो झेपावला आणि गळ्याला असा चिकटला की, खरं सांगतो जमुनाबाई, मला एकही कलम आठवेना.

मग बालसंरक्षण कक्षाच्या मॅडम आल्या. विचारलं, "घरी मोठं कोण होतं?"

"मी. म्हंजे, चौकात होतो."

"चौकात काय करून राहिले होते?"

इथं माझ्याबरोबर आलेला भगवंत (जो नोकरीत कधी वेळेवर बोलला नाही) माझ्यामागून म्हणाला, "मॅडम, हे याच गुन्ह्याचा कायदा समजावून राहिले होते. लय मस्त सांगतात."

सगळी गल्ली हसली. मॅडम हसल्या नाहीत. "आजोबा, कायदा एवढा पाठ आहे, तं कुलूप काहून लावलं?"

मी बचाव मांडणार होतो. पण नीलम माझ्याकडे बघत होती. म्हणालो, "चुकलं."

संध्याकाळी अश्विन तडकला. भावना काहीच बोलली नाही, कुंदनला मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि ते मला जास्त लागलं. गुन्हा नोंदवला नाही. काल अश्विन, भावना आणि मी, तिघांना बालकल्याण समितीपुढं जावं लागलं. त्यांनी कडक समज दिली आणि लिहून घेतलं, की मुलं पुन्हा एकटी राहणार नाहीत आणि माझ्याशिवाय आणखी एक मोठं माणूस घरी असेल. ("माझ्याशिवाय" हा शब्द मला खटकला, पण वेळ वाद घालायची नव्हती.) बाथरूमची कडी मी काढून टाकली आहे; आता आत जाणाऱ्यानं गाणं म्हणायचं, असा घरचा नियम आहे. एकंदरीत सगळं आटोक्यात आहे. काळजीचं काहीच कारण नाही.

तुझा,
देवमन

ता. क. आणखी एक मोठं माणूस कोण, असं समितीनं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. मॅडम सोमवारी घर पाहायला येणार आहेत, तेव्हा रविवारच्या बसनं निघ.

ता. ता. क. तुला न विचारता सांगितलं, हे खरं. पण तुझं नाव निघालं तेव्हा भावना मंगळवारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "आत्या खरंच येतील?" मी म्हटलं, "निघालीच समज."

आणखी एक. हे पत्र नीलमनं वाचलं आणि खाली माझंही लिही म्हणाली. जसंच्या तसं लिहितो : "आत्याआजी, तू लवकर ये. मले शाळेत जा लागते, मंग आजोबाकडं कोन पाहीन?"