नेवाशाच्या पुढे

नगर, रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

सखूबाई आज दिवे लागल्यावर परतली. अंथरुणाला खिळलेल्या हिची कूस बदलायला दिवसभर मी एकटाच. दारातच तिच्यावर चिडलो, "नेवासा म्हणजे काय काशी आहे? एस.टी. तर आहे."

"येष्टी नेवाशापातूर, बाबा. फुडं टेम्पोला पैसं लागत्यात, म्हून तीन कोस पायीच."

दोन वर्षं ती आमच्याकडे राहून हिचं सगळं करते, महिन्यातून एक रविवार आईकडे जाते. गाव विचारलं तेव्हा नेवासा म्हणाली होती. आज म्हणते, "शहरात समदे तालुकाच सांगत्यात." मी नेवाशापर्यंतचंच भाडं देत आलो. तीन कोस! शाळेत पाठ केलेली लांबच्या वाटेची कविता मी रोज तिच्यासमोर गुणगुणतो, आणि तिच्या पायांकडे कधी पाहिलं नाही.

पुढच्या वेळी टेम्पोचेही पैसे देतो, म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. आईपाशी बसायला घटकाभर मिळतं, लगेच माघारी. आता संक्रांतीलाच जाईन."

‘नको, जा, मुक्काम करून ये’ म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं बहुतेक. पण दोन महिने हिच्यापाशी कोणीतरी असेल, हेच आधी मनात आलं. तीन कोस चालून आलेल्या बाईसमोर मला हायसं वाटलं.